रोज एक मिनिट

३ डिसेंबर, मंगळवार

नोकरीचा दुसरा आठवडा. सकाळी मालकांनी तक्रारींच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला आणि म्हणाले, "घ्या इंजिनिअरबाई, नाश्ता."

मालक म्हणजे रुद्रप्पा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बऱ्याच गल्ल्यांत टीव्ही त्यांच्या केबलवर चालतो. दिवाळीत त्यांनी रेकॉर्डिंग करणारे नवे सेट टॉप बॉक्स आणले. पडद्यावर कार्यक्रमांचा तक्ता दिसतो, त्याला गाइड म्हणतात. हव्या त्या कार्यक्रमावर बटण दाबलं की बॉक्स आपोआप तो पेनड्राइव्हवर उतरवून ठेवतो. म्हणजे ठेवायला हवा. चिठ्ठ्यांमध्ये एकच रडगाणं आहे: रेकॉर्डिंगचा शेवट कापला जातो. एका बाईंनी लिहून दिलं आहे, "सुनेने विष घातलं का नाही ते आम्हाला आजतागायत कळलं नाही."

मालकांनी सांगितलं, महिनाअखेरपर्यंत दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर रेकॉर्डिंगची सोय बंद आणि बॉक्स परत. मी "बरं" म्हटलं. लाइनमन ऋतुराज दारात उभा होता. तो म्हणाला, "घाबरू नका मॅडम." मी घाबरले नव्हते.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, ऑफिसात कुणाला सांगितलेली नाही. २६ तारखेला राष्ट्रीय खो-खो स्पर्धेचा मुलींचा अंतिम सामना टीव्हीवर आहे. आपला संघ उपांत्य फेरी जिंकला तर माझी धाकटी बहीण पूनम त्यात खेळेल. आई-आबांनी तिला एकदाही खेळताना पाहिलेलं नाही. खो-खोचे दिवस म्हणजे मेंढरं घेऊन बाहेर पडायचे दिवस. सध्या त्यांचा तळ टेंभुर्णीच्या पुढे, उजनीच्या पाण्याकडे आहे. सांगोल्याहून चुलते मेंढरं सांभाळायला येतील तेव्हाच दोघांना निघता येईल, आणि ते २९ लाच जमणार. म्हणजे सामना रेकॉर्ड झाला तरच त्यांना दिसणार.

पूनमचा फोन आला. शिबिरात मुलींना रात्री आठला फोन देतात. नेहमीप्रमाणे तिने आठ वाजून दहा मिनिटांनी केला. तिथल्या वॉर्डनना शिस्त नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

दिवसभर चाचण्या. आमच्या स्वतःच्या लोकल चॅनेलवर सकाळची आरती आणि दुपारचं भजन रेकॉर्ड करून पाहिलं. सुरुवात अचूक, शेवट अचूक. मग बाहेरच्या एका चॅनेलवरची मालिका घेतली. आधीच्या कार्यक्रमाची शेपटी आली, मालिकेची शेपटी गेली. बॉक्स बदलला. पेनड्राइव्ह बदलला. तेच.

बॉक्स स्वतः वेळ ठरवत नाही. आमच्या कंट्रोल रूममधला संगणक त्याला दोन गोष्टी पाठवतो: आत्ता किती वाजले, आणि कुठल्या चॅनेलवर काय कधी आहे. म्हणून पहिली शंका घड्याळाची घेतली. कंट्रोल रूममध्ये फोन न्यायला मालकांची बंदी आहे, तो बाहेर कप्प्यात ठेवावा लागतो. मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. संगणक, भिंतीवरचं घड्याळ आणि माझं घड्याळ, तिन्ही एक. शिवाय घड्याळ चुकलं असतं तर आरतीही कापली गेली असती. घड्याळ निर्दोष.

घरमालकीण चंद्रव्वा मूळच्या अक्कलकोटकडच्या. मी सकाळी निघाले की रोज विचारतात, "यव्वा, एवढ्या लवकर जाऊन ऑफिस झाडतीस की काय गं?" मी लवकर जात नाही, वेळेवर जाते. पॉलिटेक्निकला असताना सांगोल्याची एसटी दोनदा चुकली, तेव्हापासून घड्याळ थोडं पुढे ठेवते. किती पुढे हे मनात आणायचं नाही. आणलं तर त्याचा उपयोग उरत नाही.

ऋतुराज चहा घेऊन आला. तक्रारीच्या पत्त्यांची खात्री करायची होती म्हणे. तीन वर्षं लाइनवर असलेल्या माणसाला पत्ते पाठ असायला हवेत.

९ डिसेंबर, सोमवार

चंद्रव्वांच्या घरी टीव्हीसमोर बसून निरीक्षण केलं. त्या सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत होत्या, नजर पडद्यावर, बोटं आपोआप चालू. गाइडप्रमाणे मालिका आठची. सुरू झाली आठ दहाला.

"रोज असंच?" मी विचारलं.

"मग? आमच्याकडं आठची मालिका आठ दहालाच असतीय की."

"कधीपासून?"

"पहिल्यापासनं. तुला टीव्ही ठाऊक न्हाई का गं? अन् म्हणं इंजिनिअर!"

आता कारण स्पष्ट आहे. गाइडची माहिती पुण्याच्या एका कंपनीकडून येते, ती दहा मिनिटांनी चुकीची आहे. कंपनीला फोन केला. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, हीच फाइल राज्यभर जाते. दुसरीकडून एक तक्रार नाही." मी त्याला पुन्हा तपासायला सांगितलं. त्याने तपासलं. बरोबर होती.

आपल्याकडे आलेली फाइल दहा मिनिटं पुढे ढकलून देता येईल. काम भागेल. पण कारण सापडल्याशिवाय दुरुस्ती करायची नाही, हा माझा नियम आहे. मालक म्हणाले, "नियमाला मीठ लावून खाणार काय? आज नऊ तारीख."

उपांत्य सामना आपण जिंकलो. चॅनेल नेटवर पूर्ण सामना टाकत नाही, दोन मिनिटांचा तुकडा टाकला. त्यात पूनम एकदा दिसते, पाठमोरी. आईने तळावर शिधा द्यायला आलेल्या चुलत्यांच्या मुलाच्या फोनवर तो पाहिला आणि मला विचारलं, "अपेक्षा, ती येणीवाली आपली का गं?"

१२ डिसेंबर, गुरुवार

सापडलं.

संध्याकाळी चंद्रव्वांकडे रेकॉर्डिंग तपासत बसले होते, तेव्हा पूनमचा फोन आला. बॉक्सवर आठ दहा. मी सहज म्हटलं, "आजही उशीर?"

"उशीर कसला ताई? आत्ता आठ वाजले. मॅडम हातात घड्याळ धरून फोन वाटतात. एक मिनिट इकडं-तिकडं नाही."

मी मनगट पाहिलं. आठ दहा. बॉक्स पाहिला. आठ दहा. मग कानावरचा फोन खाली घेऊन त्याच्या पडद्यावरची वेळ पाहिली. आठ.

पूनम पलीकडून ओरडत होती, "ताई, आहेस का? अगं, अंतिम सामन्याला मी पहिल्या नऊ जणींत आहे!" मी तिला "छान" म्हटलं आणि फोन ठेवला.

गाइड बरोबर होतं. बॉक्स बरोबर होते. आमचा संगणकच दहा मिनिटं पुढे आहे. बॉक्स दहा मिनिटं आधी रेकॉर्डिंग सुरू करतो आणि दहा मिनिटं आधी संपवतो. आरती आमचीच पोरं लावतात, तीही याच घड्याळाकडे बघून, म्हणून फक्त तीच अचूक येते. आणि ज्या मापाने मी हे घड्याळ तपासलं तेही तेवढंच पुढे. दोन खोटी घड्याळं एकमेकांशी जुळली आणि मी त्याला पुरावा म्हटलं. परीक्षेत कुणी असं केलं असतं तर मी त्याला हसले असते.

चंद्रव्वा म्हणाल्या, "बहिणीनं आनंदाची बातमी सांगितली अन् हिचं तोंड बघा. घड्याळ गिळल्यावानी."

घड्याळ काढून बरोबर लावलं. सकाळी निघताना चुकल्यासारखं वाटेल. हरकत नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

मालकांना सांगितलं. वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. ते पान चावत राहिले.

"दहा मिनिटं पुढं हाय, ठावं हाय की मला. मीच लावलंय."

लोकल चॅनेल सुरू झालं तेव्हा आरती लावणारी पोरं रोज उशिरा यायची आणि देवळातली माणसं मालकांना रस्त्यात अडवून बोलायची. मालकांनी गुपचूप घड्याळ पुढे केलं. आरती वेळेवर जाऊ लागली. पुढे सेट टॉप बॉक्स आले आणि हीच वेळ घराघरात टीव्हीखाली लाल आकड्यांत दिसायला लागली.

"मग आता मागे घेऊया," मी म्हटलं.

"खुळी हायस का? त्या आकड्यांवर पोरं शाळेला निघत्यात. बाया विड्या द्यायला कारखान्यात जात्यात. एका रात्रीत दहा मिनिटं काढलीस तर सकाळी निम्मा भाग उशिरा पोचंल अन् माझ्या दारात येऊन भांडंल. ते गाइडच ढकल की पुढं."

इथे मी ठरवलं नव्हतं ते बोलले. "२६ ला खो-खोचा अंतिम सामना पाच वाजता आहे. अख्ख्या देशात पाच वाजता आहे. माझी बहीण खेळते आहे. आई-आबा तिला पहिल्यांदा बघणार आहेत. तो फक्त आपल्या भागात पाच दहाला आहे असं मी लिहिणार नाही."

मालकांनी पान थुंकलं. "तुझी भैन? मग इतके दिस तोंडात काय मिठाची गुळणी धरलीतीस?"

मी कागद पुढे केला. एका रात्रीत नाही. रोज एक मिनिट मागे. दुपारी, जेवणानंतर गल्ली आडवी झालेली असते तेव्हा. दहा दिवसांत घड्याळ खऱ्या वेळेवर येईल. रोज एक मिनिट कुणाला जाणवत नाही. आरतीची पोरं घड्याळ बघूनच येतात, तीही आपोआप सरकतील.

मालकांनी कागद हातात घेतला. "म्हंजे कुणालाच कळणार न्हाई?"

"नाही."

"मला बी?"

"तुम्हाला आत्ताच कळलं."

"मी इसरतो," म्हणाले. "उद्यापास्नं कर. अन् भितीवरच्या घड्याळाचं मी बघतो. ते मी टांगलेलं हाय, त्याला हात लावायचा न्हाई."

ते चिडले असावेत. कारण संध्याकाळी त्यांनी मला बोलावून पूनमचं पूर्ण नाव आणि ती कुठल्या जागेवर खेळते हे लिहून घेतलं. बहुधा माझं म्हणणं तपासणार.

१७ डिसेंबर, मंगळवार

चार मिनिटं मागे. एकही तक्रार नाही.

चंद्रव्वा म्हणाल्या, "नातीच्या शाळेचा रिक्षावाला हल्ली लवकर यायलाय. लग्न ठरलं की काय त्याचं?"

मी म्हटलं, "असेल."

आज संगणकाचं काम उरकून वर पाहिलं तर मालक स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ एका मिनिटाने मागे करत होते. मी दिसल्यावर म्हणाले, "धूळ पुसतोय."

२० डिसेंबर, शुक्रवार

सात मिनिटं मागे. रेकॉर्डिंगचा कापलेला तुकडा रोज लहान होतो आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईंना आता विष दुधात घातलं की खिरीत एवढंच कळायचं राहिलं आहे.

चंद्रव्वा विड्या देऊन आल्या. पूर्वी कारखान्याचं दार उघडायच्या आत पोचायच्या आणि उन्हात ताटकळायच्या. "आज गेले अन् दार उघडलंच. माझं नशीब फळफळलं बघ."

ऋतुराजने विचारलं, रविवारी आई-आबांना एसटी स्टँडवरून आणू का. कंपनीची गाडी घरच्या कामाला वापरणं बरोबर नाही, असं सांगितलं. तो म्हणाला, गाडी त्याची स्वतःची आहे. कुर्डुवाडीहून कालच आणली. मग हरकत नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

दुपारी शेवटचं मिनिट. घड्याळ खऱ्या वेळेशी जुळलं. फोन हातात घेऊन, बाहेर जाऊन, दोनदा पाहिलं.

संध्याकाळी बाहेरच्या पाच चॅनेलवरचे पाच कार्यक्रम लावून ठेवले. पाचही पूर्ण. शेवटचं वाक्य, शेवटचं संगीत, सगळं. पहिल्यांदा मालिका आठला सुरू झाली तेव्हा चंद्रव्वा चुलीपाशी होत्या. पळत आल्या आणि टीव्हीला शिव्या दिल्या. "लवकर लावत्यात मेले!"

मालकांना कळवलं. ते म्हणाले, "काय दुरुस्त झालं? मला काय ठावं न्हाई." आणि मला भजी खायला लावली.

२६ डिसेंबर, गुरुवार

सविस्तर लिहिते.

घड्याळ बरोबर, गाइड बरोबर, घरचा बॉक्स लावलेला. माझं काम संपलं आहे असं समजून मी साडेचारला कंट्रोल रूममध्ये बसले. निकाल आई-आबांबरोबरच पाहायचा म्हणून त्या चॅनेलच्या छोट्या पडद्यावर खाकी पुठ्ठा चिकटवला. ऋतुराजला सांगितलं, तू बघ, पण स्कोअर बोलायचा नाही.

पाच वाजले. पाच दहा झाले. त्याने पुठ्ठ्याच्या कडेने पाहिलं. "मॅडम, अजून मुलांचाच सामना चाललाय. बरोबरीत सुटला, जादा डाव देतायत."

हा विचार मी केला नव्हता. गाइडमध्ये मुलींचा सामना पाच ते सहा. बॉक्स सहाला थांबणार. खरा सामना तेव्हा अर्ध्यावर असणार. पुन्हा शेवट कापला जाणार, आणि या वेळी बरोबर घड्याळाने.

गाइड आमच्याच संगणकावरून जातं. सामन्याची संपायची वेळ साडेसात केली. बॉक्स थोड्या थोड्या वेळाने नवं गाइड वाचतो, तर तो साडेसातपर्यंत थांबेल. झालं असं वाटलं. तेवढ्यात आठवलं, पुण्याची फाइल दर अर्ध्या तासाने आपोआप येते आणि माझा बदल पुसून टाकते. साडेपाचला तेच झालं. वेळ पुन्हा सहा. मी परत साडेसात केली. पण सहाच्या तोंडावर पुढची फाइल आली की वेळ पुन्हा सहा होणार आणि बॉक्स तिथेच थांबणार. आपोआप येणं बंद करायचा पासवर्ड माझ्या आधीच्या इंजिनिअरबरोबर गेला होता. त्याचा फोन बंद.

मालक आत आले. मी दोन वाक्यांत सांगितलं.

"फाइल येती कशातनं?"

"इंटरनेटमधून. त्या निळ्या वायरमधून. पण ती काढली तर बिलाचं सॉफ्टवेअरही—"

मालकांनी वायर उपटली. मुळ्यासारखी.

"आता?"

"आता येणार नाही."

"मग बस गुमान. अन् कुणी बिल भरायला आलं तर सांग, मालकाच्या पोरीची म्याच हाय."

मालकांना मुलगी नाही. घाईत बोलले असतील.

सहा वाजून गेले. सामना साडेसहानंतर संपला. मी फक्त आमच्या चाचणीच्या बॉक्सवरचा लाल ठिपका बघत होते, तो चालू होता. ऋतुराज पुठ्ठ्यामागे तोंड खुपसून उभा होता. एकदा त्याने आपलीच मूठ चावली. शेवटी तो वळला. चेहरा कोरा ठेवायचा त्याने फार प्रयत्न केला. मी नजर वळवली.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी फटाके लावले. लग्नसराई आहे, त्यावरून काही निष्कर्ष काढता येत नाही.

२९ डिसेंबर, रविवार

पूनमचा फोन तीन दिवस घेतला नाही. तिला आधीच सांगून ठेवलं होतं. काल तिने फक्त "ताई, शेवटपर्यंत बघ" एवढा निरोप पाठवला.

आई आणि आबा अकराला आले. मेंढराचा वास, आबांचं पागोटं, आईच्या पिशवीत बाजरीच्या भाकरी. ऋतुराजने त्यांना दारापर्यंत आणलं. आईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जेवायला थांबवून घेतलं. चंद्रव्वांच्या घरात जागा नव्हती. मालक सपत्नीक पहिल्या रांगेत बसले होते, ते कुणाच्या आमंत्रणावरून आले ते कळलं नाही. गल्लीतल्या बायका विड्यांची सुपं घेऊन आल्या. आपापल्या घरी सगळ्यांनी सामना पाहिलेला होता, पण एकाच्याही तोंडून निकाल फुटला नाही. मालकांनी दम दिला होता म्हणे.

लावलं. आधी मुलांच्या सामन्याचा शेवट. मग मुली मैदानात आल्या.

"कुटं हाय?" आबांनी विचारलं.

"तिसरी. चौकोनात बसलेली."

आबा पुढे सरकले. टीव्हीपासून हातभर अंतरावर जाऊन बसले.

आईने पडद्यावर पूनमला शोधलं. मग म्हणाली, "नुसतीच बसलीय की ही. हेच्यासाठी एवढी दूध-अंडी खाल्ली व्हय?"

"खो मिळाला की उठेल."

"मग दे की गं खो, ए उंच पोरी! माझी लेक काय हळद लावून बसलीय?"

मालकांच्या बायकोला हसू आवरेना. आबा हसले नाहीत. पूनम उठली की त्यांचा हात गुडघ्यावरून उचलायचा, बसली की खाली यायचा. मेंढरं रस्ता ओलांडताना त्यांचा हात असाच असतो.

शेवटचा डाव. आपला संघ आक्रमणाला. गुण बरोबरीत, एक गडी बाद झाला की जिंकलो. समोरची मुलगी चपळ होती, सगळ्यांना झुकवत होती. वेळ संपत आली. हाच भाग एरवी कापला गेला असता.

पूनमला खो मिळाला. ती उठली ती वाऱ्यासारखी. आई उभी राहिली. समोरची मुलगी खांबाला वळसा घालायला गेली आणि पूनमने खांबावरून अंग झोकून दिलं, सगळी आडवी, हात पुढे. बोटं टाचेला लागली. शिट्टी वाजली. पूनम मातीत पडली होती आणि तिच्यावर सगळा संघ.

मग घरात काय झालं ते क्रमाने सांगता येणार नाही. चंद्रव्वांच्या हातातलं सूप उडालं, तंबाखू सगळ्यांच्या डोक्यावर. मालकांनी ऋतुराजला मिठी मारली. आई पडद्याला हात लावून म्हणत होती, "लागलं का गं तुला? गुडघा बघ, गुडघा बघ." आबा तसेच बसून होते. पागोटं काढून मांडीवर घेतलेलं.

रेकॉर्डिंग पूर्ण. बक्षीस समारंभसुद्धा आला. पूनमने ढाल वर धरली आणि कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलली, तेवढ्या सेकंदांत मला चित्र धूसर दिसलं. सिग्नलची पातळी तपासली. पूर्ण होती.

आबा म्हणाले, "अपेक्षा, पहिल्यापासनं लाव."

लावलं.